बास भूक नसतानाही लूअरवर झडप का घालतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला की अमेरिका-कॅनडातली मराठी मंडळी रॉड काढून तळ्याकाठी जायला लागतात आणि माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. न्यू जर्सी, डॅलस, टोरांटो, कुठूनही आले तरी बहुतेक प्रश्न फिरून एकाच गाठीपाशी येतात: हा मासा प्लास्टिकच्या तुकड्यावर तुटून का पडतो? माझं मत आधीच सांगून टाकते. बास लूअरला, म्हणजे नकली आमिषाला, जेवण समजतो असं धरून चाललात तर निम्म्या गोष्टींचा उलगडा होत नाही. हातचं निसटू पाहणारं सावज दिसलं की त्याचं अंग आपसूक उसळतं. ही उसळी नेमकी कशाने येते ते समजून घेणं पेटीत आणखी दहा लूअर भरण्यापेक्षा मोलाचं आहे.

१. बास म्हणजे नक्की कोणता मासा? हॉटेलात "सी बास" मिळतो तोच का?

नाही. इथे बास म्हणजे उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातले लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ. दोघेही सनफिश कुळातले, म्हणजे काठाशी लहान मुलांच्या गळाला लागणाऱ्या ब्लूगिलचे भाऊबंद. हॉटेलातला सी बास समुद्रातला आणि वेगळ्या कुळातला. रायगडकडच्या आपल्या जिताड्यालाही इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. पण त्याचंही या माशाशी जवळचं नातं नाही. लार्जमाउथ ओळखायचा तर जबडा पाहा. तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्या मागच्या कडेच्याही मागे जातं. स्मॉलमाउथचा जबडा डोळ्याखालीच संपतो. पुढची उत्तरं मुख्यतः लार्जमाउथला धरून आहेत.

२. गावी आम्ही गांडूळ नाहीतर कोळंबी लावून गरवायचो. लूअर त्याहून वेगळा कसा?

गांडुळाला वास असतो, चव असते, आणि गळावर ते स्वतःच वळवळतं. लूअर लाकडाचा, प्लास्टिकचा, रबराचा किंवा पत्र्याचा. त्यात खाण्यासारखं काहीच नाही. त्याला जीव येतो तो तुमच्या मनगटामुळे आणि रीलच्या वेगामुळे. पुढे काही नावं येतील, ती इथेच सांगते. क्रँकबेटला पुढे ओठासारखी पट्टी असते, ओढला की तो बुडतो आणि थरथरत येतो. स्पिनरबेटवर पत्र्याची गोल फिरणारी पाती असतात. टॉपवॉटर पाण्याच्या वरच फुरफुरत येतो. जिग म्हणजे शिशाचं डोकं आणि झालर असलेला गळ. आणि रबरी किडा, ज्याला सगळे प्लास्टिक वर्म म्हणतात.

३. पोट गच्च भरलेलं असताना मासा तोंड उघडेलच कशाला?

हे मी पाहिलेलं आहे. जूनमधल्या एका बासच्या जबड्यातून क्रँकबेट सोडवताना त्याच्या घशातून क्रेफिशच्या (कोळंबीसारखा, नांग्या असलेला गोड्या पाण्यातला प्राणी) दोन तांबूस मिशा बाहेर आलेल्या होत्या, आणि मागे एक नांगी आडवी अडकलेली. आधीचा घास खाली उतरलेला नाही, पोट टणक लागतंय, आणि तरी त्याने लूअर घेतला होता. बासच्या मागे लागलेल्या बहुतेकांनी असा एखादा मासा हातात धरलेला असतो.

याचं कारण बासच्या शिकारीच्या पद्धतीत आहे. तो दूरवर पाठलाग करणारा मासा नाही. बुडालेल्या ओंडक्याच्या, धक्क्याच्या खांबांच्या किंवा पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो. समोरून शॅड नावाच्या माशाचं पिल्लू जातं ते सेकंदभर त्याच्या टप्प्यात असतं. तेवढ्यात पोटाचा अंदाज घेत बसणारा मासा ते सावज गमावणार, आणि पुढचं कधी येईल याचा भरवसा नाही. जे आधी झेपावले ते जगले, वाढले, त्यांची पिल्लं झाली. म्हणून झेप ही सवय त्याच्या शरीरातच रुजलेली आहे.

हिशोबाची दुसरी बाजूही पाहा. चुकीची वस्तू तोंडात गेली तर बास ती लगेच थुंकतो. तोंड उघडून पाण्यासकट सावज आत ओढायला त्याला सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो, आणि बाहेर फेकायलाही फारसा जास्त लागत नाही. म्हणजे चूक स्वस्त पडते, संधी सुटली तर महाग. लाखो वर्षं हा हिशोब बरोबर होता. त्यात गळ अगदी अलीकडे आला.

४. म्हणजे भुकेचा काहीच संबंध नाही?

आहे, आणि तो नाकारणारे लोक उगाच टोक गाठतात. भुकेला बास जागा सोडून लांबवर येतो, वरपर्यंत चढतो, दोनदा चुकला तरी तिसऱ्यांदा वळतो. पोट भरलेला बास फूटभराच्या पलीकडे हलत नाही. पण त्या फूटभरात काहीतरी सुळकन निसटून जाऊ लागलं, तर तोही घेतो. म्हणजे मासा किती लांबवर येईल हे भूक ठरवते, आणि तोंड उघडण्याचा क्षण समोरच्या हालचालीवर असतो.

याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. सकाळ-संध्याकाळ मासे हिंडून खात असतात तेव्हा लूअर थोडा लांब पडला तरी चालतो. भर दुपारी सावलीत पडून राहिलेल्या माशाच्या अगदी नाकासमोरून तो जावा लागतो. म्हणूनच दुपारी नेम चांगला असलेल्यालाच मासा मिळतो.

५. "इन्स्टिंक्ट" हा शब्द सगळे वापरतात. त्याचा नेमका अर्थ काय?

उपजत प्रतिसाद. जो शिकावा लागत नाही आणि एका ठरावीक खुणेने सुटतो, असा. यावरचं सर्वांत गाजलेलं काम निको टिनबर्गन यांचं. १९३० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनला त्यांनी स्टिकलबॅक या छोट्या माशावर प्रयोग केले. विणीच्या काळात नराचं पोट लाल होतं आणि तो दुसऱ्या लाल पोटाच्या नरावर धावून जातो. टिनबर्गननी हुबेहूब माशासारखी पण लाल रंग नसलेली प्रतिकृती ठेवली, तर नरांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. माशाशी साम्य नसलेला, फक्त खालून लाल केलेला ठोकळा ठेवला, तर त्यावर तुटून पडले. खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली तरी टाकीतले नर त्या बाजूला धावायचे. पुढे १९७३ मध्ये कोनराड लॉरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

लूअर वापरणाऱ्याने या प्रयोगातून घ्यायचं ते हे: प्राण्याला पूर्ण चित्र लागत नाही, एखादी खूण पुरते. दुकानात डोळे, खवले, कल्ले रंगवलेले सुंदर लूअर टांगलेले असतात. ते पाहून भुलतो तो मुख्यतः माणूस. स्पिनरबेटकडे नीट पाहा. वाकवलेली तार, दोन पाती, रबरी झालर. जगात असा कुठलाही प्राणी नाही, आणि तरी बास त्यावर तुटून पडतात, कारण चकाकी आणि थरथर या दोन खुणा त्यात आहेत.

६. बासला राग येतो म्हणून तो चावतो, असं ऐकलं. खरं का?

माशाच्या मनात काय चाललंय हे कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे "राग" हा शब्द मी टाळते. हाकलून लावण्यासाठी केलेला हल्ला मात्र खरा असतो आणि तो खाण्यासाठीच्या हल्ल्यापेक्षा वेगळा दिसतो. तो मुख्यतः घरट्यावर दिसतो. प्रश्न ११ पाहा. एरवी एकाच बासच्या डोक्यावरून दहा-पंधरा वेळा लूअर नेल्यावर तो अचानक घेतो, त्याला लोक "चिडवून घेतला" म्हणतात. माझ्या अनुभवात त्या घेतलेल्या फेरीत बहुधा काहीतरी निराळं घडलेलं असतं: कोन बदलला, लूअर फांदीला घासला, दोरा क्षणभर सैल पडला.

७. गढूळ पाण्यात, काळोखात त्याला लूअर कळतो तरी कसा?

माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसते. ती पार्श्वरेषा. तिच्यातल्या सूक्ष्म संवेदी पेशींना जवळच्या पाण्याची हालचाल कळते. लूअर थरथरला की पाणी ढकललं जातं, आणि ते ढकलणं माशाला अंगावर जाणवतं. आतल्या कानाला मंद, खर्जातले आवाज ऐकू येतात. स्वच्छ पाण्यात डोळे पुढे, गढुळात पार्श्वरेषा पुढे. म्हणून पाऊस पडून तळं चहाच्या रंगाचं झालं की मी रुंद पात्यांचा स्पिनरबेट नाहीतर जाडजूड क्रँकबेट बांधते आणि तो सावकाश, एका लयीत आणते. गढुळात वेडीवाकडी हालचाल केली तर माशाचा नेमच लागत नाही.

८. मी लूअर एकसारखा ओढत आणते. मासा का घेत नाही?

बहुतेक वेळा एकसारखा ओढता म्हणूनच. (गढूळ पाण्याचा अपवाद वर प्रश्न ७ मध्ये आलाच.) एकाच वेगाने, एकाच रेषेत जाणारी वस्तू बासला बराच वेळ पाहता येते, आणि पाहायला वेळ मिळाला की संशयालाही मिळतो. झडप पडते ती बदलाच्या क्षणी.

तोंडाला चौकोनी पट्टी असलेला क्रँकबेट घ्या, त्याला स्क्वेअरबिल म्हणतात. बुडालेल्या ओंडक्याच्या बाजूने तो मुद्दाम असा आणा की पट्टी लाकडावर आपटेल. रॉडमध्ये ठक् असं जाणवेल. त्या क्षणी लूअर एका अंगाला उडतो, थरथर तुटते, आणि तुम्ही रील अर्धा क्षण थांबवली तर तो हळूच वर तरंगू लागतो. दबा धरलेल्या माशाच्या दृष्टीने हे सावज आपटलं, गोंधळलं आणि आता पळणार. बहुतेक झडपा याच अर्ध्या क्षणात पडतात. ज्यांना लूअर अडकण्याची भीती वाटते ते लाकडापासून दोन फूट लांबून ओढतात आणि रिकाम्या हाताने घरी जातात. अडकू द्या. चार लूअर गमावल्याशिवाय ही कला येत नाही.

लाकूड नसेल तिथे हा बदल मनगटाने घडवायचा. जर्कबेटला, म्हणजे झटके देत आणायच्या लांबट लूअरला, दोन झटके आणि थांबा. स्पिनरबेट ओढता ओढता एकदम दोन वेढे जोरात फिरवा. टॉपवॉटर थांबवून पाण्यावरची वर्तुळं विरू द्या, मग एकच टिचकी. मांजरासमोर दोरी ओढून पाहिली असेल तर हे लगेच कळेल: दोरी थांबून पुन्हा सरकली की मांजर उडी मारतं.

९. मासा लूअरच्या मागे काठापर्यंत येतो आणि वळून जातो. काय चुकलं?

खूण अर्धी मिळाली. त्याला मागे ओढण्याइतकी होती, झडप घालायला लावण्याइतकी नव्हती. अशा वेळी लोक रील थांबवतात, आणि तिथेच मासा वळतो, कारण शिकारी मागे असताना कुठलंही सावज थांबून राहत नाही. वेग वाढवा किंवा दिशा मोडा. तरीही परत गेला, तर त्याच जागी लगेच लहान, सावकाश बुडणारा रबरी किडा टाका. माशाची जागा तुम्हाला कळलेली आहे, हीच मोठी कमाई.

१०. रंग आणि वास यांवर किती पैसे घालावेत?

रंगावर थोडे. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी लार्जमाउथच्या डोळ्यांचा अभ्यास केला. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या आहेत, एक हिरव्याला आणि एक लालला प्रतिसाद देणारी. शिकवून तयार केलेले मासे लाल रंग चांगला ओळखत. पण झगझगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत, तसंच निळा आणि काळा यांत त्यांची गफलत व्हायची. दुकानात पोपटी-पिवळ्या आणि पांढऱ्यावरून तासभर वाद घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एक गडद, एक फिका, एक तांबूस असे तीन लूअर जवळ असले की पुष्कळ झालं.

वासामुळे झडप पडत नाही, त्याचं काम झडपेनंतरचं आहे. वास-चव असलेलं रबर मासा जरा जास्त वेळ तोंडात धरतो, त्यामुळे जिग आणि रबरी किड्याला त्याचा उपयोग होतो. क्रँकबेटवर फवारा मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

११. वसंतात काठाशी उथळ पाण्यात मोठे बास दिसतात आणि लूअर टाकला की उचलून बाजूला टाकतात. हे काय आहे?

ते घरट्यावरचे नर आहेत. पाणी साधारण ६० ते ६५ फॅरनहाइट, म्हणजे १५ ते १८ सेल्सिअसच्या आसपास आलं की नर शेपटीने तळ झाडून ताटाएवढी किंवा त्याहून मोठी गोल जागा साफ करतो. मादी अंडी घालून निघून जाते. अंडी आणि नंतर पिल्लं नर सांभाळतो, पंखांनी पाणी हलतं ठेवतो, आणि या दिवसांत जवळजवळ उपाशी असतो. तुमच्या मूळ प्रश्नाचा सर्वांत सरळ पुरावा हाच. खाणं बंद आहे, तरी तो झडप घालतो. घरट्यात पडलेला लूअर तो बहुधा ओठांच्या टोकाने उचलतो, बाहेर नेतो आणि सोडतो. गळ लागतो तो या नेण्याच्या क्षणी.

म्हणूनच इथे मी माझं मत जोर देऊन सांगते: घरट्यावरच्या नराला सोडा. तुम्ही त्याला उचलून फोटो काढता तेवढ्यात ब्लूगिल घरट्यात घुसून अंडी फस्त करतात. परत सोडलेला नर दमलेला असेल तर तो राखण टाकून निघूनही जातो. यासाठीच काही ठिकाणी नियम आहेत. ऑन्टॅरिओच्या दक्षिण भागात बासचा हंगाम जूनच्या उत्तरार्धातच उघडतो. प्रत्येक राज्याचे नियम निराळे आणि दर वर्षी बदलू शकणारे, त्यामुळे लायसन्स काढतानाच त्या वर्षीची नियमावली वाचून घ्या.

महाराष्ट्रातल्या तळ्या-ओढ्यांवर वाढलेल्यांना हे दृश्य नवीन नाही. पावसाळ्यात मरळीची तांबूस पिल्लं थव्याने वर येतात आणि खाली आईबाप राखण करत असतात. त्या थव्यात बेडकाच्या आकाराचा लूअर टाकला की मरळ उसळते. तीही राखणदारीच, आणि तिथेही माझं सांगणं हेच.

१२. थंडीत उपजत प्रतिसाद बंद पडतो का?

बंद पडत नाही, पण आखडतो. माशाच्या अंगाची उष्णता पाण्याइतकीच. उन्हाळ्यात दिवसाभरात पचणारा घास थंड पाण्यात कित्येक दिवस पोटात राहतो, आणि स्नायूही सावकाश चालतात. टप्पा फुटाचा वितीवर येतो. ४५ फॅरनहाइटच्या पाण्यात भन्नाट ओढलेला लूअर माशाच्या आवाक्यातच येत नाही. तिथे जर्कबेट झटकून दहा-पंधरा सेकंद तसाच लटकत ठेवायचा. मासा शेपटीची एकच सावकाश हालचाल करून येतो आणि तो घेतल्याचं रॉडला बहुधा फक्त जडपणाने कळतं. याला उलटा अपवाद म्हणजे पत्र्याचा जड लूअर तळाशी एकदम उचलून खाली पडू देणं. थंडीतही तो पडताना झडप पडते, कारण तो नाकासमोरूनच पडतो.

१३. मग रबरी किडा तळाशी निपचित पडलेला असताना मासा का घेतो? त्यात कुठलं पळणं?

हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. दोन गोष्टी होतात. एक, किडा खरं तर निपचित पडण्याआधीच बहुतेकदा घेतला जातो, बुडता बुडता. मिठाने जड केलेलं रबर आडवं, दोन्ही टोकं हलवत सावकाश खाली जातं, आणि दोरा बाजूला सरकलेला पाहिल्यावर आपल्याला उशिरा कळतं. दोन, बासला हात नाहीत. अनोळखी पण निरुपद्रवी दिसणारी वस्तू तपासायचं त्याचं एकच साधन आहे, तोंड. तो ती हलकेच ओढून घेतो, चाचपतो, टाकतो. याला झडप म्हणता येणार नाही आणि भूक म्हणायलाही आधार नाही. हा शोधाचा स्वभाव आहे, आणि तोही उपजतच. अशा वेळी मासा रबर पुष्कळ वेळ धरून ठेवतो, म्हणून गळ खोल जाण्याचा धोका इथेच जास्त. प्रश्न १८ पाहा.

१४. आमच्या सोसायटीच्या तळ्यात पहिल्या आठवड्यात रोज मासे मिळाले, आता एकही नाही. तळं संपलं का?

बहुधा मासे आहेत तिथेच, पण शिकलेले. उपजत प्रतिसाद शिकण्याने दाबला जातो. लहान तळ्यात तोच लूअर वारंवार दिसला की प्रतिसाद विझत जातो, आणि गळ लागून सुटलेला मासा आणखी जपून असतो. नेदरलँड्समध्ये ब्यूकेमा यांनी १९७० च्या सुमारास पाइक या दुसऱ्या शिकारी माशावर हे तपासलं. स्पिनरने (फिरत्या पात्याच्या लूअरने) एकदा पकडले गेलेले पाइक नंतर स्पिनर टाळू लागले, पण जिवंत आमिष टाळेनात. बासच्या बाबतीतही, मासे पकडून परत सोडले जातात अशा तळ्यांत पकड झपाट्याने घसरल्याचं पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

उपाय दोन. तळ्याला विश्रांती द्या, किंवा खूण पूर्ण बदला: थरथरणारा लूअर वापरत असाल तर मूक, बारीक रबर, वरचा वापरत असाल तर तळाचा. त्याच लूअरचा नुसता रंग बदलून फारसं काही होत नाही.

१५. तोच एक मासा मला तीनदा मिळाला. काही बास मूर्ख असतात का?

शिकूनही झेपावणारे मासे असतात, आणि ते जन्मतःच तसे असतात. इलिनॉयमधल्या रिज लेकवर १९७५ पासून चार वर्षं प्रत्येक पकडलेला बास खूण करून परत सोडला गेला. एक मासा पहिल्या दोन दिवसांत तीनदा लागला, दुसरा एका वर्षात १६ वेळा. शेवटी तळं रिकामं केलं तेव्हा १,७०० हून अधिक बास निघाले, आणि त्यांतले सुमारे २०० चार वर्षांत एकदाही गळाला लागलेले नव्हते. मग डेव्हिड फिलिप आणि सहकाऱ्यांनी सहज लागणाऱ्यांची आपसात आणि न लागणाऱ्यांची आपसात पैदास केली. तीन पिढ्यांपर्यंत दोन घराण्यांतला फरक वाढत गेला. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

टेक्सासमधले वाचक फ्लोरिडा जातीच्या बासबद्दल विचारतात, त्याचंही उत्तर याच दिशेने आहे. मोठी होणारी ही जात तिथल्या तळ्यांत १९७० च्या दशकापासून सोडली गेली, आणि उत्तरेकडच्या बासपेक्षा ती गळाला कमी लागते हे प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा तुमच्या तळ्यात मासे दिसतात आणि लागत नाहीत, यात दोष दर वेळी तुमच्या हाताचा नसतो.

१६. सहज लागणारे सगळे मासे आपण नेले, तर मागे फक्त लबाड उरतील?

ही काळजी रास्त आहे, आणि मला ती मासेमारीच्या मौजेपेक्षा मोठी वाटते. २०१२ मध्ये याच रिज लेकच्या वंशातल्या माशांवर आणखी एक अभ्यास आला. सहज लागणारे नर घरट्याची राखण जास्त जोमाने करतात आणि त्यांची पिल्लंही जास्त असतात, असं त्यात दिसलं. म्हणजे आपण गळाने नेमके तळ्यातले सर्वांत चांगले बाप निवडून काढतो. जो स्वभाव त्याला लूअरवर धाडतो तोच ब्लूगिलला घरट्यापासून हाकलतो. प्रश्न ११ मधला आग्रह म्हणूनच.

१७. विक्रमी बास तर जिवंत आमिषावर मिळालेत. मग लूअरचं हे सगळं शास्त्र कशाला?

सगळेच नाहीत. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेकमध्ये २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला तो लाकडी लूअरवर. त्याच्या बरोबरीचा दुसरा मनाबू कुरिता यांनी २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात पकडला, वजन जवळपास औंसभर जास्त, आणि तो जिवंत ब्लूगिलवर. या वजनगटात जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांचं नाव बरोबरीने लागतं. टेक्सासचा विक्रम, १८.१८ पौंड, बॅरी सेंट क्लेअर यांनी १९९२ च्या जानेवारीत लेक फोर्कवर क्रॅपी या दुसऱ्या माशासाठी टाकलेल्या मिनोवर, म्हणजे आमिषाच्या चिमुकल्या माशावर, केला.

वय झालेला, मोठा, कित्येक लूअर पाहून शहाणा झालेला मासा जिवंत आमिषाला फसतो, हे प्रश्न १४ मधल्या पाइकशी जुळतं. शिकलेला मासा खूण तपासतो, आणि जिवंत माशात सगळ्या खुणा खऱ्याच असतात.

बिवाचं नाव आलं म्हणून एक विनंती. १९२५ मध्ये हाकोनेजवळच्या आशी सरोवरात सोडलेला बास पुढे जपानभर पसरला आणि तिथल्या देशी माशांना डोईजड झाला. २००५ पासून तो तिथे कायद्याने परकी उपद्रवी जातीत मोडतो. "आपल्या धरणांत बास सोडले तर?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठाम नाही असंच आहे. मरळ, खडस, जिताडा हे लूअरवर झेपावणारे मासे आपल्याकडे मुळातच आहेत.

१८. सोडून द्यायचाय, पण गळ घशात गेलाय. काय करू?

ओढू नका. झडपेने घेतलेला लूअर बहुधा ओठात किंवा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो आणि पक्कडीने सहज निघतो. खोल जातो तो सावकाश घेतलेल्या रबरी किड्याचा किंवा जिवंत आमिषाचा गळ. गळाचं मूळ दिसत नसेल किंवा रक्त येत असेल तर दोरा शक्य तितक्या आत कापा आणि मासा सोडा. उपटलेल्या गळापेक्षा आत राहिलेल्या गळासकट मासा जगण्याची शक्यता जास्त असते. हात आधी ओले करा, खालचा ओठ धरून दुसरा हात पोटाखाली द्या, जड मासा नुसत्या जबड्यावर आडवा लटकवू नका. फोटो काढायचा असेल तर मासा पाण्यात असतानाच फोन तयार ठेवायला सांगा. रबरी किडा वापरताना दोऱ्यावर नजर ठेवा, तो सरकला की लगेच रॉड उचला. गळ घशात जायची वेळच येत नाही.